अर्थाच्या रकान्यात न मावणारे नाव

बाळाचे नाव शोधायला बसलेल्या मराठी घरात आज पहिला प्रश्न येतो तो अर्थाचा. नावांची पुस्तके आणि मोबाइलवरच्या याद्या याच प्रश्नावर बेतलेल्या असतात: डाव्या रकान्यात नाव, उजव्या रकान्यात अर्थ. विहान म्हणजे पहाट, सुजय म्हणजे चांगला विजय. अशा यादीत ‘विठ्ठल’ असलेच, तर त्याच्यासमोर ‘विष्णू’ किंवा ‘पंढरपूरचा देव’ असे लिहिलेले असते. हा अर्थ नव्हे. एका नावाच्या जागी दुसरे नाव ठेवले, एवढेच त्यातून होते. महाराष्ट्रात किमान साडेसातशे वर्षे मुलांना दिले गेलेले, जातीच्या आणि प्रांताच्या सीमा ओलांडून गेलेले हे नाव शब्दकोशाला नीट उलगडता आलेले नाही. माझे म्हणणे असे की हे नाव इतके पसरले त्यात या न उलगडण्याचा मोठा वाटा आहे, आणि आज ते बारशांतून दिसेनासे झाले त्याचेही मुख्य कारण तेच आहे.

उलगडण्याचे प्रयत्न थोडेथोडके झालेले नाहीत. रा. गो. भांडारकरांनी कन्नडचा माग काढला. कन्नडमध्ये विष्णूचे ‘बिट्टि’, ‘बिट्टु’ असे रूप होते, त्यावरून विठ्ठू आणि विठ्ठल, असे त्यांचे मत. त्याला आधारही भक्कम आहे. १२ व्या शतकातला होयसळ राजा विष्णुवर्धन बिट्टिदेव या नावानेही ओळखला जात असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगळी वाट धरली. पाणिनीच्या व्याकरणात ‘विष्ठल’ हा शब्द येतो. त्याचा संबंध त्यांनी दूर रानात असलेल्या जागेशी आणि तिथल्या देवाशी लावला. वारकऱ्यांना जवळची वाटते ती विटेची व्युत्पत्ती, विटेवर उभा राहिला तो विठ्ठल. भाषाशास्त्राला ती पटत नाही, पण मूर्ती डोळ्यांपुढे आणण्याची ताकद याच व्युत्पत्तीत सर्वांत जास्त आहे. पंडितांनी शब्दाची तीन अक्षरे सुटी करून ‘ज्ञान नसलेल्या भोळ्यांना जवळ करणारा’ असाही अर्थ काढला. व्युत्पत्ती म्हणून ती ओढूनताणून आणलेली आहे, तरीही या देवाविषयी लोकांना काय वाटत होते हे तिने अचूक टिपले आहे. रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ साली आलेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाने तर प्रश्नच बदलला. शब्द कुठून आला यापेक्षा देव कोणाचा होता हे त्यांनी विचारले, आणि उत्तरात गवळी-धनगरांचा देव उभा केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव ही जोडी आजही भंडाऱ्याने न्हाऊन निघते, आणि तिथे ढेऱ्यांचे म्हणणे ग्रंथाबाहेर डोळ्यांना दिसते.

एवढ्या थोरांनी इतका काळ झटूनही एकमत होऊ नये, हा मला या शब्दाचा स्वभावच वाटतो. गोविंद, नारायण, केशव, दामोदर ही नावे संस्कृतातून अर्थ, कथा आणि व्याकरण बरोबर घेऊन आली. विठ्ठल बहुधा देशी बोलीतून आला, आणि शास्त्र्यांना त्याला संस्कृतात बसवण्याची धडपड मागाहून करावी लागली. पंढरपूरच्या १२३७ च्या होयसळकालीन शिलालेखात भीमेकाठचे हे क्षेत्र आणि पुंडरीक यांचा निर्देश आहे. १२७३ ते १२७७ या काळातला प्रसिद्ध ‘चौऱ्यांशीचा लेख’ देवळाला दान देणाऱ्यांची नोंद करतो. याच शतकात आपेगावच्या गोविंदपंतांनी आपल्या मुलाचे नाव विठ्ठल ठेवलेले होते. तेच ज्ञानेश्वरांचे वडील. म्हणजे वारकरी पंथाला ज्ञानदेवांची वाणी लाभण्याच्या आधीच विठ्ठल हे गोदावरीकाठच्या एका घरातले माणसाचे नाव होते. भांडारकर बरोबर असतील तर बिट्टिदेव राजामुळे हा काळ आणखी शतकभर मागे जातो. पुढे नामदेवांच्या चार मुलांत नारा, महादा, गोंदा यांच्याबरोबर एक विठा होता. तुकोबांच्या मुलांत महादेव आणि नारायण यांच्याबरोबर विठोबा होता. एक घर वतनदार ब्राह्मणाचे, एक शिंप्याचे, एक कुणबी-वाण्याचे. तिन्ही घरांत हे नाव पोचले, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप वेगळे झाले.

या रूपांकडे नीट पाहायला हवे, कारण नावाची खरी व्युत्पत्ती तिथे सापडते. विठ्ठल, विठोबा, विठू, विठा, विठोजी, विठ्ठलपंत, विठ्ठलराव, विठाई, विठाबाई: इतकी रूपे धारण करणारे दुसरे देवनाम मराठीत क्वचितच असेल. ‘बा’ने तो बाप झाला, ‘आई’ने आई झाला, आणि ‘विठू’ म्हटले की लेकरू. पिंजऱ्यातल्या पोपटालाही ‘विठू विठू’ म्हणायला शिकवले गेले. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ या म्हणीत तर विठोबा म्हणजे नुसता देव, देवपणाचेच नाव. कोशात एकही पक्का अर्थ नाही, पण हाकेत माणसाची बहुतेक नाती सामावलेली आहेत. संस्कृत नावाला अर्थाची चौकट असते आणि ती ओलांडताना जीभ अडखळते. ‘दामोदर’चे लाडके रूप दामू होते, आणि तिथेच ते थांबते. विठ्ठलाला चौकटच नव्हती, म्हणून ज्याने त्याने त्याला आपल्या बोलीत घेतले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही रूपे लाडाची असली तरी दर्जाचीही होती. पंत, राव, जी, बा, आणि नुसता विठ्या ही जातिव्यवस्थेची शिडीच आहे. नाव एक, पण प्रत्यय ज्याचा त्याला जागा दाखवणारा. हे खरे आहे, आणि त्यावर पांघरूण घालू नये. तरीही शिडीच्या प्रत्येक पायरीवर तेच नाव होते, ही गोष्ट तितकीच खरी आणि अधिक दुर्मीळ आहे. मालोजीराजांचे भाऊ विठोजी भोसले मराठा, पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर ब्राह्मण, यशवंतराव होळकरांचे बंधू विठोजी धनगर. राक्षसभुवनच्या १७६३ च्या लढाईत मारला गेलेला निजामाचा दिवाणही विठ्ठल सुंदरच होता. दगडू, केरू ही नावे बहुतेक एका थरात अडकून पडली, पंताघरची काही नावे दुसऱ्या थरात. विठ्ठल सगळीकडे फिरला. तो बायकांचाही झाला. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तमाशाच्या फडावरून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाल्या, आणि आज शासनाचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

महाराष्ट्राच्या सीमेवरही हे नाव अडले नाही. कर्नाटकात पुरंदरदासांनी आपल्या पदांची मुद्रा ‘पुरंदरविठ्ठल’ केली. त्यांच्यानंतरच्या हरिदासांनी ती परंपरा इतकी चालवली की विजयविठ्ठल, गोपालविठ्ठल, जगन्नाथविठ्ठल अशी कवींची मालिकाच तयार झाली. कारवारपासून मंगळुरूपर्यंतच्या कोकणी घरांतही विठ्ठल रुळला. गुजरातेत तो पुष्टिमार्गाने गेला. वल्लभाचार्यांनी विवाह करावा ही आज्ञा पंढरपूरच्या विठ्ठलाने दिली, अशी त्या संप्रदायाची श्रद्धा आहे, आणि त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ. तिथून वैष्णव घराघरांत विठ्ठलदास आणि विठ्ठलभाई झाले. १८७३ हे एकच साल घेतले तरी या पसाऱ्याची कल्पना येते. त्या वर्षी जमखंडीच्या वारकरी मराठा घरात विठ्ठल रामजी शिंदे जन्मले, ज्यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्याच वर्षी गुजरातच्या पाटीदार घरात विठ्ठलभाई पटेल जन्मले, जे १९२५ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष झाले. आणि त्याच वर्षी भाटिया घरात विठ्ठलदास ठाकरसी जन्मले, ज्यांच्या १५ लाखांच्या देणगीने कर्व्यांचे महिला विद्यापीठ स्थिरावले आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. जाती तीन, कार्यक्षेत्रे तीन; नाव एक.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. नाव सर्वांचे होते, पण देऊळ सर्वांचे नव्हते. घरातल्या पोराला विठ्या म्हणणाऱ्या महार-मांगांना विठ्ठलाच्या दारातून आत जाता येत नव्हते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. गुरुजींचे स्वतःचे नाव पांडुरंग होते. आवाजातली समता दारापर्यंत पोचायला साडेसहा-सात शतके लागली असतील, तर त्या आवाजाचे कौतुक कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न झटकून टाकता येणार नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी जुनी देवनामे सोडून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद ही नावे घेतली. तो निर्णय पूर्णपणे न्याय्य होता, आणि ती नावे आज महाराष्ट्राच्या नामसंपदेचा भाग आहेत. पण याच चळवळीचा पहाडी आवाज असलेले शाहीर विठ्ठल उमप आयुष्यभर विठ्ठलच राहिले, आणि २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच त्यांनी प्राण सोडले. त्यांच्या नावात कोणाला भक्ती ऐकू आली नाही. ऐकू आला तो शाहीर. देवाशी नाते तुटल्यावरही जे नाव माणसाला अंगभर बसते, ते देवाच्या मालकीचे उरलेले नसते. या आक्षेपाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे, आणि ते अपुरे असले तरी खोटे नाही.

मग असे नाव बारशातून का गेले? एका घराण्याच्या नावांतच हा बदल वाचता येतो. प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणारे विठ्ठलराव विखे पाटील, त्यांचे चिरंजीव एकनाथ म्हणजे बाळासाहेब, नातू राधाकृष्ण, पणतू सुजय. देव, संत, पुन्हा देव, आणि चौथ्या पिढीत निखळ अर्थ. महाराष्ट्रातल्या हजारो घरांच्या वंशावळी थोड्याफार फरकाने याच क्रमाने उतरतात. जुन्या रीतीत नाव निवडायचे नसायचेच. आजोबांचे, कुलदैवताचे, नवस बोललेल्या देवाचे नाव यायचे. नाव निवडायला लागल्यावर निवडीला कारण लागले, आणि सांगता येण्याजोगे कारण म्हणजे अर्थ. त्या परीक्षेत विठ्ठल पहिल्याच फेरीत बाद होतो.

श्रद्धा ओसरली म्हणून नाव गेले, असे म्हणणाऱ्यांनी आषाढीच्या वाटेवर पाहावे. वारीतली गर्दी वाढली आहे. त्यात शहरातले शिकलेले तरुण आहेत, त्यांच्या अंगावरच्या शर्टावर विठ्ठलाचे चित्र आणि नाव आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकेपासून गाण्यांपर्यंत विठू सगळीकडे ऐकू येतो. याच तरुणांच्या घरात मुलगा जन्मला की नाव मात्र विठ्ठल ठेवले जात नाही. देव उरला आहे, नाव घराबाहेर राहिले आहे. कोणी म्हणेल, स्वच्छ अर्थ असलेले दामोदर आणि जनार्दन तरी कुठे टिकले? टिकले नाहीत, हे मान्य. पण केशव, माधव, अद्वैत, शिवांश अशी नावे आज आनंदाने ठेवली जातात. जुनेपणाची अडचण तिथे आड येत नाही, कारण त्यांचा बांधा संस्कृत आहे आणि अर्थ एका ओळीत सांगता येतो. विठ्ठल या नावात एक अडचण उच्चाराचीही आहे. परदेशात किंवा परप्रांतात वाढणाऱ्या मुलाच्या नावातला ‘ठ’ तिथल्या जिभेला पेलत नाही, आणि रोमन अक्षरांत लिहिले की विठ्ठलचा ‘व्हायटल’ होतो. ही अडचण खरी आहे. तरीही गावात राहणाऱ्या, गावातच राहू इच्छिणाऱ्या घरांनीही हे नाव सोडले आहे; तेव्हा उच्चार हे मुख्य कारण नव्हे.

शाळेच्या हजेरीत पहिल्या जागी विठ्ठल आता क्वचितच दिसतो. तो मधल्या जागी सरकला आहे. मराठी रीतीत स्वतःच्या नावानंतर वडिलांचे नाव लागते, म्हणून पन्नाशी-साठीतल्या कित्येकांच्या नावांत तो मध्यभागी आहे: बँकेच्या पासबुकावर, सातबाऱ्यावर, मतदारयादीत. पुढच्या पिढीत तिथूनही तो जाईल. मग तो कल्याणजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनच्या फलकावर आणि देवळांत उरेल. यंदा तुमच्या घरात बारसे असेल आणि वंशावळ चाळताना पणजोबांच्या जागी विठ्ठल सापडला, तर अर्थाचा रकाना रिकामा आहे म्हणून ते नाव वगळू नका. एकदा मोठ्याने हाक मारून पाहा, आणि मग ठरवा.