जत्रेतील वाद्ये आणि टिकाऊपणाचे अर्थकारण

चैत्र-वैशाखात सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या जत्रांना प्रारंभ झाला, की तमाशाचे फड, ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्या यांचे ट्रक-टेंपो एका गावाहून दुसऱ्या गावाकडे धावू लागतात. दुपारी पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, काळ्या रानातल्या कच्च्या वाटेवर धुरळ्याचे लोट उठत असतात, आणि कनाती, पेटारे, भोंगे व दिव्यांचे खांब यांच्या दाटीत जपानी बनावटीचा एखादा कीबोर्ड सतरंजीत गुंडाळून ठेवलेला असतो. रात्री हेच वाद्य उघड्या मैदानावरील रंगमंचावर, जनरेटरच्या कमीअधिक होणाऱ्या विजेवर चार-पाच तास वाजावे लागते. ज्या अभियंत्याने ते घडविले त्याच्या डोळ्यांसमोर घरातील दिवाणखाना किंवा फार तर एखादे बंदिस्त सभागृह असावे. माढा-करमाळ्याकडील माळरान त्याने कल्पिलेले नव्हते हे उघड आहे.

अशा वापरासाठी कोणते वाद्य घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः आवडीचा किंवा कंपनीच्या लौकिकाचा मानला जातो. वस्तुतः तो भांडवलगुंतवणुकीचा प्रश्न आहे आणि त्याच दृष्टीने त्याकडे पाहिले पाहिजे. फडाची वा पार्टीची मिळकत सुपारीवर, म्हणजे आगाऊ ठरलेल्या खेळावर, अवलंबून असते. रात्री अकरा वाजता वाद्य बंद पडले, तर दुरुस्तीचा खर्च ही त्या हानीतील सर्वांत लहान रक्कम असते. गावकरी ठरलेली बिदागी कापतात, पुढच्या वर्षीची सुपारी दुसरीकडे जाते आणि कलावंतांना दिलेली उचल तर परत येण्याचा प्रश्नच नसतो.

एक साधा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, एक वाद्य २५ हजार रुपयांचे असून ते दोन हंगाम टिकते आणि दुसरे ७५ हजारांचे असून सहा हंगाम टिकते. घसाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. दर हंगामास साडेबारा हजार. परंतु ही रक्कम सावकाराकडून दरमहा शेकडा तीन दराने काढलेली असेल, तर मुद्दल फिटेपर्यंत पहिल्यावरील व्याज वर्षास ९ हजार आणि दुसऱ्यावरील २७ हजार होते. टिकाऊपणाचा सारा लाभ व्याजात गडप होतो. स्वस्त वाद्य घेणाऱ्या कलावंतास अडाणी ठरविणारे शहरी रसिक हा हिशेब विसरतात. ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याच्यापुरता त्याचा निर्णय शहाणपणाचाच असतो. तथापि त्याच स्वस्त वाद्याने हंगामात दहा-दहा हजारांच्या दोन सुपाऱ्या बुडविल्या, की व्याजातील १८ हजारांची बचतही हातची जाते. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो, की वाद्याचे बंद पडणे थोड्या खर्चात टाळता येते काय?

याचे उत्तर वाद्य नेमके कोठे मोडते यात आहे. कीबोर्डच्या पोटातील सूर निर्माण करणारी इलेक्ट्रॉनिक चकती क्वचितच निकामी होते. मोडतात ते सांधे. ज्या छिद्रात तारेची पिन खोचतात तो जॅक अनेक स्वस्त वाद्यांत सर्किट बोर्डावर केवळ डाख देऊन बसविलेला असतो. अंधारात कोणाचा तरी पाय तारेत अडकतो, हिसका बसतो, डाखेला केसाएवढी चीर जाते आणि त्या रात्रीपासून आवाज येतो-जातो. जेथे जॅक बाहेरून नटाने पत्र्याच्या चौकटीस आवळलेला असतो, तेथे तोच हिसका चौकट सोसते. विकत घेण्यापूर्वी हा नट आहे की नाही एवढे पाहण्यास अभियंता असावे लागत नाही. आणि तो नसेल, तर तार वाद्याच्या स्टँडला एक वेढा देऊन बांधावी; या उपायास एक पैसाही लागत नाही.

दुसरा सांधा विजेचा. घरगुती वाद्यांना बारीक पिनेचा बाहेरचा अडॅप्टर असतो. तो हरवला म्हणजे बाजारातून मिळेल तो आणला जातो, आणि त्याची धन-ऋण बाजू उलटी असली तर वाद्य कायमचेच गप्प होऊ शकते. शिवाय मैदानावरील मोठे दिवे एकदम मालवले, की जनरेटरचा दाब क्षणभर उसळतो. वाद्यांसाठी दिव्यांपासून वेगळी तार आणि मध्ये एक साधा स्टॅबिलायझर असणे ही चैन नव्हे. सेलवरही चालणारे वाद्य मिळत असेल तर त्याला झुकते माप द्यावे, कारण वीज गेली तरी रचलेले सूर व ताल पुसले जात नाहीत. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे अँप्लिफायर खेड्यापाड्यांत इतके रुळले, त्यामागेही हेच कारण असावे: त्यांतील पुष्कळसे घरच्या विजेवर चालतात, तसेच मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात.

तिसरा शत्रू म्हणजे धूळ. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली रबराची एक बोंडी असते आणि तिला कार्बनचे दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला बिंदू टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला, यावरून पट्टी हळुवार दाबली की जोरात, हे यंत्र ठरविते. त्या बिंदूंवर धूळ बसली म्हणजे एखादी पट्टी मुकी होते, तर एखादी भलत्या वेळी किंचाळते. पेच काढून मऊ फडके व स्पिरिट यांनी हे बिंदू पुसणे हे तासाभराचे काम आहे. पण ते हंगामापूर्वी करावयाचे असते, लावणी रंगात आल्यावर नव्हे. सरकत्या कळांपेक्षा फिरत्या कळा धुळीला अधिक दाद देत नाहीत, हेही अनुभवी वादक जाणतात. उष्णतेचे म्हणाल, तर विद्युत-धारित्रांचे, म्हणजे कपॅसिटरांचे, आयुष्य दर दहा अंशांनी सुमारे निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. ट्रकच्या टपावर उन्हात काळ्या पिशवीत ठेवलेले वाद्य याच नियमाने झिजत असते.

हे सारे नवे आहे असे मात्र नाही. हार्मोनियम युरोपात जन्मली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास हाताने भाता चालविण्याची आटोपशीर पेटी प्रचारात आणली, आणि पुढच्या काही दशकांत ती भजनापासून तमाशापर्यंत सर्वत्र पोचली. संगीततज्ज्ञांनी तिच्यावर पुष्कळ आक्षेप घेतले. तिला मींड येत नाही, तिच्या श्रुती ठराविक, हे सारे खरेच होते. आकाशवाणीने तर १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले. पण सारंगीची तात हवेबरोबर उतरते आणि पेटीचे पितळी सूर जत्रेतून जत्रेत तसेच राहतात, ही गोष्ट फिरत्या कलावंताच्या दृष्टीने निर्णायक ठरली. पेटी मोडली तर तिचा भाता शिवणारा, सूर घासून जुळविणारा कारागीर तालुक्याच्या गावी सापडत असे. ज्या वाद्याला वाटेत वैद्य मिळतो ते वाद्य टिकते.

याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण घेण्यासारखे आहे. मिरजेच्या प्रसिद्ध तानपुऱ्यांना आणि सतारींना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात; मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीसुद्धा एस.टी.ने प्रवास करणाऱ्या शिक्षक-गायकाच्या पिशवीत आज बंगळूरच्या रॅडेलसारख्या कंपनीची इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी असते. तिच्या षड्जात भोपळ्याची गोडी नाही, हे तो स्वतःच कबूल करील. भोपळा तडकण्याची धास्ती मात्र त्याला नसते.

तालवाद्यांच्या बाबतीत निवड तुलनेने सोपी झाली आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये ‘ऑक्टापॅड’ या नावाचे आठ चौकोनांचे वाद्य काढले. हे नाव आपल्याकडे अशा सर्व वाद्यांना सरसकट लावले जाते आणि बोलताना त्याचा ‘ऑक्टोपॅड’ होतो. त्याच मालिकेतील १९९८च्या सुमाराचे एसपीडी-२० हे वाद्य भारतीय वादकांच्या हाती इतके बसले, की २०२२ मध्ये कंपनीला जुनाच क्रमांक घेऊन त्याची नवी आवृत्ती काढावी लागली. जाड रबराखाली आघात टिपणारी चकती, हलणारा भाग जवळजवळ नाहीच. मारून घेण्यासाठीच ज्याचा जन्म आहे ते वाद्य मार खाऊन टिकले यात नवल कसले? गाण्याच्या माइकचेही तसेच. बारीक आवाज टिपणारा कंडेन्सर माइक रेकॉर्डिंगच्या खोलीत शोभतो. जत्रेत तारेच्या वेटोळ्याचा डायनॅमिक माइकच हवा. शुअर कंपनीचा १९६६ सालचा एसएम-५८ हा त्यातील जगन्मान्य नमुना होय.

येथे एक अडचण उभी राहते. या माइकच्या हुबेहूब नकला बाजारात सर्रास मिळतात, आणि जुन्या कीबोर्डच्या पोटात काय दडले आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना हेच दाखविले होते: ग्राहकाला खरे-खोटे कळत नसेल, तर तो सर्वच मालाला मधली किंमत देऊ करतो, चांगला माल बाळगणारा त्या किमतीला विकत नाही, आणि बाजारात वाईट मालच उरतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बँजो पार्टीच्या मालकाने त्यांचे नाव ऐकलेले नसते, पण जुने वाद्य घेताना तो ओळखीच्या वादकाकडूनच घेतो, पूर्ण एक रात्र वाजवून पाहतो आणि मगच पैसे मोजतो. सिद्धान्ताचे उत्तर त्याने व्यवहारात शोधलेले असते.

सोलापूरला ही दृष्टी अपरिचित असण्याचे कारण नाही. येथील यंत्रमाग अनेकदा दुसऱ्या हाताने आलेले, पण ते वर्षानुवर्षे चालले ते जॉबरच्या बळावर. माग कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो बिघडल्यास पाळी संपण्याआधी चालू करणारा माणूस आहे काय, हे कारखानदार आधी पाहतो. वाद्यांच्या खरेदीत हा विचार उशिरा सुचतो. ज्या नमुन्याचे सुटे रबर, पट्ट्या व जॅक पुण्या-मुंबईहून दोन दिवसांत येऊ शकतात आणि ज्याचे पोट उघडण्याची गावातल्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्यास भीती वाटत नाही, तो नमुना एका पिढीने जुना असला तरी घ्यावा. उरलेल्या पैशांतून सुताराकडून आतून फोम लावलेला लाकडी पेटारा करून घ्यावा आणि तारा, अडॅप्टर, पिना यांचा दुसरा संच जवळ ठेवावा. हा संच काही शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत होतो. वरच्या हिशेबातील बुडालेली सुपारी दहा हजारांची होती.

अर्थात टिकाऊ वाद्याला टिकाऊ मागणीही लागते. बँजो म्हणून मिरवणुकीत वाजते ते वास्तविक १९१२ मध्ये जपानातील नागोया येथे जन्मलेल्या ताइशोगोतोचे, म्हणजेच आपल्या बुलबुल-तरंगाचे, वीज जोडलेले रूप. त्याची जागा आता पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनी घेतली आहे. या भिंतींना आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांची कीर्ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्यासाठी होती, हा योगायोग मौजेचा आहे. त्यांच्यापुढे दहा-बारा माणसांच्या पार्टीचा निभाव कसा लागणार? त्यातच २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे चैत्रातल्या जत्रा भरल्याच नाहीत. वाद्ये घरात पडून राहिली, त्यांत विसरलेले सेल फुटून क्षार बाहेर आला, रबरे चिकटली. न वाजताही घसारा चालूच होता आणि व्याजही.

त्यातून जे फड पुन्हा उभे राहिले त्यांच्या रंगमंचावर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आहेत, आणि त्यांच्या शेजारी ढोलकी, हलगी व तुणतुणेही आहे. जनरेटर अचानक बंद पडतो तेव्हा अंधारात क्षणभर सारे थांबते. मग ढोलकीवाला थाप देतो, तुणतुणे त्याला साथ करते, कीबोर्ड वाजविणारा हातांनी टाळ्यांचा ठेका धरतो, आणि जनरेटरपाशी कोणीतरी बॅटरीच्या उजेडात डिझेल ओतीत असते.