अटींवर मंजूर झालेला प्रवेश

इंदूरला १९११ साली जन्मलेल्या कमला भागवत यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण होऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज धाडला, तेव्हा ज्या संस्थेत आपले वडील नारायणराव आणि चुलते माधवराव रसायनशास्त्र शिकले, तिचे दार आपल्याला बंद असेल, ही शंकाही त्यांच्या मनाला शिवली नसावी. परंतु संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, तो अर्ज नामंजूर केला. कमलाबाईंनी थेट बंगळूर गाठले, सत्याग्रहाचा निर्धार बोलून दाखवला, आणि प्रवेश मंजूर झाला, मात्र अटींवर. पहिले वर्ष त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीबेरात्रीही, काम करावे लागेल. आणि त्यांच्या वावरामुळे प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये.

पहिल्या दोन अटी कोणताही ज्ञानार्थी आनंदाने मान्य करील. परंतु तिसऱ्या अटीपाशी मी दर वेळी अडखळते. दुसऱ्याच्या चित्ताच्या स्थैर्याची जोखीम एका विद्यार्थिनीच्या माथी मारणारा हा हुकूम, ज्यांच्या प्रज्ञेपुढे आपण सर्व नतमस्तक होतो त्यांच्याच मुखातून निघावा, याचे शल्य काही केल्या बोथट होत नाही.

कमलाबाईंनी उत्तर दिले ते कामाने. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा, म्हणजे गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा, अभ्यास करून त्यांनी १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली, पुढे केंब्रिजला जाऊन, साध्या बटाट्यावर काम करता करता, पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. जेमतेम चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे दिल्ली आणि कुन्नूर येथे नोकरी करून, १९४७ च्या विवाहानंतर सोहोनी हे आडनाव घेऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या अध्यापनात रमल्या. सूर्य वर येताच आंबू लागणाऱ्या नीरेतील पोषणद्रव्यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले संशोधन राष्ट्रपती पारितोषिकास पात्र ठरले. तरीही त्याच संस्थेचे संचालकपद हाती यायला त्यांना कित्येक वर्षे तिष्ठत राहावे लागले. दुर्गाबाई भागवतांच्या वाचकांना त्यांची ही बहीण कितपत ठाऊक असेल, असा प्रश्न मनात येतो, आणि खंत वाटते.

कमलाबाईंच्या यशानंतर बंगळूरच्या संस्थेचे दार मुलींसाठी अधिक उघडले, हे खरेच. परंतु आत आलेल्या मुलीला पदवी मिळेलच, असे मात्र नव्हते. १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झालेल्या ॲना मणी हिरे आणि माणके यांच्या प्रतिदीप्तीचा अभ्यास करीत. हिऱ्याचा तो मंद प्रकाश छायाचित्रकाचेवर उमटायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत. तेव्हा घरी जाणे कसले, पुष्कळदा त्या तेथेच रात्र काढीत. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंध सिद्ध झाला. आणि मद्रास विद्यापीठाने, एम.एस्सी. नाही या सबबीवर, डॉक्टरेट नाकारली.

त्यानंतर इंग्लंडला गेलेल्या मणी १९४८ मध्ये परतून हवामान खात्यात रुजू झाल्या. पुणेकर ज्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात त्या खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागात, परदेशातून मागवावी लागणारी उपकरणे देशातच घडावीत म्हणून, त्यांनी सुमारे शंभर हवामान-उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले; आणि १९७६ मध्ये उपमहासंचालकाच्या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. पदवी नाकारलेला तो प्रबंध मात्र बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांच्याच पंक्तीत, ठेवलेला आहे.