भिंग नसलेल्या कॅमेऱ्याचा फोकस

संगणकातल्या आभासी कॅमेऱ्याला भिंग नसतं. समोरची वस्तू हातभर अंतरावर असो की मैलभर, तो दोन्ही सारख्याच लख्ख दाखवतो. गणिताच्या हिशेबाने त्याचं छिद्र शून्याएवढं असतं आणि एवढ्या छिद्रातून धूसर व्हायला काही वावच उरत नाही. तेव्हा टीव्हीवरच्या शीर्षकामागे जी विरघळलेली पार्श्वभूमी आपल्याला आवडते, ती म्हणजे काचेची एक उणीव आहे. संगणकात ती मुद्दाम, वेळ खर्चून आणावी लागते.

खऱ्या भिंगापुढे एकाच अंतरावरची वस्तू अचूक उमटते. तिच्या पुढचा-मागचा प्रत्येक बिंदू चकती होऊन पसरतो. भिंगाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, जितकं उघडं, फोकल लेंथ जितकी जास्त आणि वस्तू जितकी जवळ, तितकी ही चकती मोठी. 1981मध्ये मायकेल पॉटमेसिल आणि इंद्रनील चक्रवर्ती यांनी हे संगणकी चित्रात आणलं: आधी पूर्ण स्पष्ट चित्र काढायचं आणि मग प्रत्येक पिक्सेल त्याच्या अंतरानुसार पसरवायचा. पद्धत स्वस्त, पण कडांपाशी फसणारी. पुढची वस्तू धूसर झाली की तिच्या कडेतून मागचं काहीतरी डोकावायला हवं. तयार चित्रात ते मागचं नसतंच. 1984मध्ये लुकासफिल्मच्या कुक, पोर्टर आणि कारपेंटर यांनी एकेका पिक्सेलसाठी भिंगाच्या वेगवेगळ्या जागांमधून अनेक किरण सोडले आणि त्यांची सरासरी काढली. कडा सुधारल्या, चित्र तयार होण्याचा म्हणजे रेंडरचा वेळ वाढला. हा सौदा अजून चालू आहे.

मोशन ग्राफिक्सवाल्यांचं नेहमीचं हत्यार मात्र आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर. 1993मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या एका छोट्या कंपनीने ते आणलं, पुढे ते ॲडोबीकडे आलं. कॅमेरा आणि थ्रीडी लेअर त्यात 2001च्या पाचव्या आवृत्तीत आले. हे लेअर म्हणजे अंतराअंतरावर उभे केलेले सपाट पत्ते. डिस्नेने 1937च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये वापरलेल्या मल्टिप्लेन कॅमेऱ्यात काचांवर रंगवलेली चित्रं अशीच एकामागे एक असत, फक्त तिथे धूसरता खऱ्या भिंगाची होती. पत्त्यांचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येक लेअर झाकलेल्या भागासकट पूर्ण असतो, त्यामुळे कडांचं ते जुनं दुखणं इथे फारसं सतावत नाही.

आफ्टर इफेक्ट्सच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये डेप्थ ऑफ फील्ड (म्हणजे हीच धूसरता) चालू केलं की तीन आकडे कामाचे: फोकस डिस्टन्स, ॲपर्चर आणि ब्लर लेव्हल. नवख्यांची गाडी अडते ती पहिल्यावर. फोकस डिस्टन्स हे कॅमेऱ्यापासूनचं अंतर आहे. कॅमेरा पुढे सरकला की स्पष्टतेचं प्रतलही त्याच्यासोबत सरकतं आणि ज्या नावासाठी सगळा खटाटोप, तेच नाव पुसट होतं. 2011च्या आवृत्तीत फोकस थेट एखाद्या लेअरला बांधून टाकण्याची सोय झाली. आयरिसचा, म्हणजे भिंगाच्या छिद्राचा, आकार बदलण्याची सोयही त्याच वेळची. त्यामुळे मागचे दिवे गोल दिसावेत की षटकोनी, हे ठरवता येऊ लागलं. माझ्या मते पहिली सोय दुसरीपेक्षा कितीतरी मोलाची, पण हौस सगळ्यांना षटकोनांचीच.

काचेच्या उणिवा किती मनावर घ्याव्यात, हे पिक्सारने ‘वॉल-ई’च्या (2008) वेळी दाखवलं. त्या चित्रपटाच्या कॅमेऱ्याला खऱ्या भिंगाचे गुणदोष यावेत म्हणून सिनेमॅटोग्राफर रॉजर डीकिन्स यांचा सल्ला घेतला गेला. तिथे धूसरता गोष्ट सांगते: ओसाड पृथ्वीवर आपली नजर नेमकी कुठे खिळावी, हे फोकस ठरवतो.

आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओ पत्रिकांत आणि चॅनेलांच्या पट्ट्यांत उलटा प्रकार दिसतो. ब्लर हा तिथे मेकअप असतो. कच्ची पार्श्वभूमी झाकायला थापलेला. खरं तर धूसर लेअरलाही रंग आणि उजेड नीट लागतो, कारण तपशील गेल्यावर तेवढंच तर उरतं. म्हणून काम करताना ब्लर बंद ठेवा. रचना आणि कॅमेऱ्याची चाल आधी पक्की करा, प्रिव्ह्यूही झटपट होईल. ब्लर शेवटी चालू करा आणि ॲपर्चर मनात येईल त्याच्या निम्म्यावर ठेवून बघा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.