किल्ली अडकली? ओढू नका!

गाडी थांबली, इंजिन बंद झालं, पण किल्ली बाहेर येईना. अशा वेळी जोर लावला तर ती आतच तुटू शकते.

पहिला संशयित म्हणजे स्टिअरिंग लॉक. चोरी रोखण्यासाठी अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९च्या मॉडेल्समध्ये हे कुलूप आणलं. चाकांचा ताण त्यावर आला की किल्ली फिरत नाही. स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवली की बहुधा सुटते.

गिअर पाहा! ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’वर पूर्ण बसला नसेल, तर किल्ली मुद्दामच अडवली जाते, उतारावर गाडी घरंगळू नये म्हणून ही सोय. लिव्हर पुढे-मागे करून पुन्हा ‘पी’वर बसवा. काही गाड्यांत हा अडसर विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी उतरली तरी किल्ली अडकते. जम्प स्टार्ट दिल्यावर निघते. अनेक मॅन्युअल गाड्यांत मात्र किल्ली किंचित आत दाबूनच ‘लॉक’पर्यंत फिरवावी लागते.

हे सगळं करूनही हटत नसेल, तर किल्लीचे दाते झिजले असतील किंवा आत धूळ साचली असेल. तिथे इंजिन ऑइल घालू नये, त्याला धूळ आणखी चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. किल्ली तुटलीच, तर तुकडा काढायला किल्लीवाल्यालाच बोलवा.