*फिरत्या विक्री ट्रॉलीसाठी बॅटरी कोणती घ्यावी?*



आपल्या एका गटाने थेट विक्रीसाठी ट्रॉली तयार केली. दिवे, पंखा, काटा, सगळं ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर जोडलं. आठवडी बाजारात ऐन गिऱ्हाइकात दिवे मिणमिणले. सकाळी ट्रॅक्टर सेल मारेना, धक्का मारून सुरू करावा लागला. पुढे चार-पाच महिन्यांत ती बॅटरीच बाद झाली. बॅटरीत खोट नव्हती, तिला काम चुकीचं दिलं होतं. ट्रॉली करणाऱ्या सभासदांनी म्हणून हे नीट वाचावं.

*१) ट्रॅक्टरची बॅटरी का चालत नाही?*
शर्यतीचा खोंड नांगराला जुंपत नाहीत, तसंच हे आहे. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करायला काही सेकंद मोठा करंट देते आणि इंजिन चालू झालं की लगेच भरून निघते. त्यासाठी तिच्या प्लेटा पातळ असतात. ती रोज रात्रभर उतरवली की प्लेटा लवकर खराब होतात. ट्रॉलीला हळूहळू, तासन् तास करंट देणारी, जाड प्लेटांची बॅटरी लागते. दुकानात तिला *डीप सायकल* म्हणतात. सोलरची ट्यूब्युलर आणि ई-रिक्षाची बॅटरी याच जातीची.

*२) आधी हिशेब, मग दुकान*
वस्तूचे वॅट गुणिले तास. एका रात्रीचा नमुना:
▪️ ९ वॅटचे ४ एलईडी, ५ तास = १८०
▪️ २५ वॅटचा डीसी पंखा, ८ तास = २००
▪️ ३ मोबाईल चार्जिंग = ४५
▪️ काटा आणि पेमेंटचा स्पीकर = ३०
एकूण *४५५ वॅट-तास*. याला १२ व्होल्टने भागलं की साधारण *३८ एएच*.

म्हणून ४० एएचची बॅटरी घ्यायची का? नाही! शिशाची (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी *निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये*. म्हणजे ३८ ची दुप्पट ७६, आणि थोडी शिल्लक धरून *१०० एएच*. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे *६० एएच* पुरते. मध्ये चार्जिंग न करता दोन मुक्काम असतील तर आकडे दुप्पट करा.

दिवे-पंखा शक्यतो १२ व्होल्ट डीसीचेच घ्या. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टवर चालवले तर १०-१५ टक्के वीज इन्व्हर्टरच खातो.

*३) तीन पर्याय*
✅ *ई-रिक्षाची बॅटरी:* तालुक्याला मिळते, हादरे सोसते, किंमत आवाक्यात. पाणी मात्र बघावं लागतं, तेही फक्त डिस्टिल्ड वॉटर. वॉरंटी किती महिन्यांची, ते आधी विचारा.
✅ *सीलबंद जेल बॅटरी:* पाण्याची कटकट नाही, अ‍ॅसिड सांडत नाही. जास्त व्होल्टेजने चार्ज केली तर खराब होते, म्हणून चार्ज कंट्रोलरवर जेलची सेटिंग हवीच.
✅ *लिथियम (एलएफपी):* महाग, पण वजन शिशाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं आणि आयुष्य कितीतरी जास्त. बीएमएस आत असलेलीच घ्या. ट्रॅक्टरवरून थेट चार्ज करू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो.
❌ घरच्या इन्व्हर्टरची *उंच ट्यूब्युलर:* १५० एएचची ५०-६० किलो भरते. एका जागी उत्तम, पण खडखडत्या रस्त्यावर अ‍ॅसिड सांडतं.

ट्रॉली आठवड्यात एक-दोनदाच निघत असेल तर ई-रिक्षाची पुरे. रोज निघत असेल तर लिथियमचा खर्च वसूल होतो.

*४) लेबल वाचा*
एएचच्या आकड्यापुढे *सी१०* किंवा *सी२०* लिहिलेलं असतं. म्हणजे तो आकडा १० तासांत उतरवून मोजलाय की २० तासांत. सी२० ची १५० एएच बॅटरी सी१० वर सव्वाशेच्या आसपासच भरते. दोन दुकानांचे भाव लावताना दोन्हीकडे एकच मोजमाप धरा. बनावटीचा महिना बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या.

*५) चार्जिंग*
वरच्या हिशेबाला १५० वॅटचं सोलर पॅनल आणि कंट्रोलर चांगल्या उन्हात पुरतं. पावसाळ्यात मुक्कामाआधी घरच्या चार्जरवर पूर्ण भरून निघा.
शिशाची बॅटरी दोन-तीन तास आराम देऊन मीटर लावा: *१२.७ भरलेली, १२.२ निम्मी.* त्याखाली गेली तर पंखा बंद करा. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं हलत नाही, तिला शिल्लक दाखवणारा वेगळा मीटर लावा.

*६) ⚠️ जिवाची गोष्ट*
शिशाची बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडते. *बंद ट्रॉलीत बॅटरीशेजारी झोपू नका, बिडी-काडी पेटवू नका.* बॅटरी बाहेरच्या बाजूला, हवा खेळेल अशा पेटीत, पट्ट्याने आवळून बसवा. प्लस वायरला बॅटरीजवळच फ्यूज टाका. फ्यूज नसताना वायर घासून शॉर्ट झाली तर ट्रॉली पेटायला वेळ लागत नाही.

*७) हंगाम संपल्यावर*
शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. लिथियम साधारण निम्मी भरून, वायर काढून ठेवा. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नका, जुनी नवीलाही ओढते. बाद बॅटरी घरी फोडू नका, शिसं विषारी असतं. ती दुकानदाराला परत द्या, नव्या बॅटरीत पैसे वळते करून घ्या.

आपल्या ट्रॉलीवरच्या वस्तू आणि तास कागदावर लिहून कंपनीच्या कार्यालयात आणा, हिशेब बसून करू. पैसे मोजण्याआधी या, नंतर नको.

हा संदेश आपल्या गटातल्या सभासदांना पाठवा. 🌾