ताटापलीकडचं जग – लेखांक ७ : मिरची परकी, भात घरचा

गेल्या आठवड्यात सुशीचा भात कसा शिजवतात ते पाहिलं. आज हाच भात घेऊन जगभर गेलेल्या एका शेफबद्दल.

मासाहारू मोरिमोतो जन्मले १९५५ साली, हिरोशिमात. व्हायचं होतं बेसबॉलपटू. खांदा दुखावला आणि ते सुशीच्या दुकानात उमेदवारीला लागले. पुढे गावातच स्वतःचं दुकान काढलं. तेही विकून १९८५ मध्ये अमेरिका गाठली.

या वाटेवर त्यांच्या आधी नोबू मात्सुहिसा चालून गेले होते. नोबू १९७३ मध्ये पेरूतल्या लिमाला गेले आणि तिथलं लिंबू, मिरची, कोथिंबीर त्यांनी जपानी पद्धतीच्या माशाला लावून पाहिली. नंतर अमेरिकेत एका बाईंनी ‘मी कच्चा मासा खात नाही’ म्हणून साशिमी परत पाठवली. नोबूंनी ती फेकली नाही. ऑलिव्हचं आणि तिळाचं तेल कडकडीत तापवून कापांवर ओतलं. आपण कोशिंबिरीवर फोडणी ओततो तसंच! काप वरून तेवढे चरचरले, आत मासा होता तसाच राहिला. ‘न्यू स्टाइल साशिमी’ या नावानं तो पदार्थ गाजला.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कला ‘नोबू’ सुरू झालं. मोरिमोतो तिथे रुजू झाले, मुख्य शेफही झाले. १९९८ पासून ते जपानच्या ‘आयर्न शेफ’ या टीव्ही कार्यक्रमात झळकले, तेव्हा परंपरेला धरून असणाऱ्या शेफमंडळींनी त्यांना उघड विरोध केला. हे जपानी जेवणच नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मला तो आक्षेप पटत नाही. मोरिमोतोंचा ‘ट्यूना पिझ्झा’ घ्या. कुरकुरीत तोर्तियावर कच्च्या ट्यूनाचे पातळ काप, वर खारवलेल्या अँचोवी माशाचं मेयोनेज आणि हालापेन्यो मिरची. तोर्तिया आणि मिरची मेक्सिकोची, घाट इटलीचा. पण मासा कापणारा हात हिरोशिमातच तयार झालेला. याच माणसाच्या रेस्टॉरंटमध्ये बिनसडीचा तांदूळ आणून तिथेच पॉलिश करतात, कारण पॉलिश करून पडून राहिलेल्या तांदळाची चव उतरते. वेण्णेच्या खोऱ्यात भात पिकवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गिरणीतून नुकत्याच आलेल्या तांदळाचा वास आणि पुडीतल्या तांदळाचा वास, दोन्ही आपण ओळखतो.

२००४ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं. माशासाठी ओळखला जाणारा शेफ, आणि शहरात शाकाहारी माणसं भरपूर. तिथल्या मेनूवर शाकाहारी पदार्थांनाही जागा मिळाली. मासा गेला तरी चालला, भाताशी तडजोड नाही. फ्यूजनची खरी कसोटी मला इथे दिसते. दोन देशांचे मसाले एकत्र करणं कुणालाही जमतं. काय हलवायचं नाही, हे ठरवायला आधी एका स्वयंपाकात हात पुरता मुरावा लागतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर दिसेल त्या पदार्थावर चीज किसलं जातं, ते पाहून म्हणूनच वाईट वाटतं.

घरी करून पाहायचं तर इंद्रायणी घ्या. आंबेमोहराच्या वंशातला हा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो, वळून ठेवला की सुटत नाही. त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ भात गरम असतानाच घालायचं आणि पंख्यानं वारा घालत उलथन्यानं हलक्या हातानं कालवायचं. कोणतं व्हिनेगर, किती आणि का, ते पुढच्या आठवड्यात.