नावेवरील कर आणि वैरागची मिठाची बरणी

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील वैराग गावापासून समुद्र सुमारें तीनशें किलोमीटर दूर. येथील शिवार ज्वारी-तुरीचें. शीड आणि वल्हें पुष्कळांनीं केवळ चित्रांत पाहिलेलीं. मग नावेवर कर किती असावा, याचा विचार येथील एखाद्या एकत्र कुटुंबानें कां करावा? उत्तर स्वयंपाकघरांतील फळीवर आहे. ज्या घरांत मासा कधींच शिजत नाहीं, त्या घरांतहि मीठ व आमसूल लागतेंच. आगगाडी येण्यापूर्वीं कोंकणचा असा माल लमाणांच्या बैलांवर घाट चढून देशावर येई, आणि परतीच्या वाटेनें देशावरचें धान्य बंदरांकडे जाई. बंदरांत बसलेला कर वाटेंत कोठें गळून पडत नसे. तो शेवटीं गृहिणीच्या बरणींत येऊन बसे.

कराचें हें चलन आपल्या राज्यकर्त्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. इ. स. १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस मिठाविषयीं एक पत्र पाठविलें. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडल्यास व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यांतील मिठाचा धंदा बसेल, हें त्यांनीं हेरलें होतें. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवावी कीं, संगमेश्वराकडील मिठाच्या मानानें तें महागच पडावें, अशी त्यांची आज्ञा होती. अशा जकातीनें खाणाऱ्यास चार पैसे अधिक पडतात, हें खरें. परंतु त्या पैशाच्या मोबदल्यांत आगरी, नावाडी व बंदर हीं तिन्ही जगतात. कर कशासाठीं आहे, हें येथें स्पष्ट होतें.

सुमारें १७१५ च्या काळांतील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत याच विचाराची दुसरी बाजू आढळते. आरमाराचा खर्च मुलुखाच्या नेमलेल्या उत्पन्नांतून चालवावा, बंदरांच्या वसुलावर टाकूं नये, असें तेथें बजाविलें आहे. कारण उघड आहे. ज्याचें पोट बंदराच्या वसुलावर, तो सावकारांस त्रास देणार. त्रासलेला सावकार दुसरें बंदर शोधणार. आणि बंदर ओस पडलें म्हणजे वसूलहि संपणार. समुद्रावर वाट एकच नसते. जमिनीस पाय नाहींत. गलबतास शीड आहे.

इंग्रजी अमलांतील मीठ-कर मात्र निव्वळ तिजोरीसाठीं होता. १९२३ सालीं तो मणास सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला, आणि ओरड झाल्यावर पुढल्याच वर्षीं पुन्हां सव्वा रुपयावर आला. १९३० मध्यें शिरोड्याच्या किनाऱ्यावर सत्याग्रही मीठ उचलण्यास गेले, त्यामागें हीच व्यथा होती. १९४७ सालीं हा कर रद्द झाला.

श्रीमंतांच्या चैनीवर कर बसविला तर गरिबास झळ लागणार नाहीं, असें आपणांस सहज वाटतें. अमेरिकेचा अनुभव येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. १९९१ च्या आरंभापासून तेथें एक लाख डॉलरवरील किमतीच्या विहारनौकांवर, त्या वरच्या रकमेच्या शेंकडा दहा इतका कर लागू झाला. श्रीमंतांनीं नौका घेणेंच लांबणीवर टाकलें. त्यांचें कांहीं अडलें नाहीं. अडलें तें नौका बांधणाऱ्या सुताराचें, रंगाऱ्याचें आणि शीड शिवणाऱ्याचें. त्या वेळीं सर्वत्रच मंदी होती, म्हणून सारा दोष कराच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि १९९३ मध्यें सरकारनें तो कर मागें घेतला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आपल्याकडील वस्तु व सेवा करांत मासेमारीची होडी आणि चैनीची नौका यांत भेद केलेला आहे. पहिलीवर शेंकडा पांच, तर दुसरीवर सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा चाळीस असा दर आहे. हा भेद योग्यच. परंतु कोळ्याचा मोठा खर्च होडी विकत घेण्याइतकाच ती चालविण्याचा असतो. यांत्रिक होडीच्या डिझेलवरील विक्रीकर महाराष्ट्र सरकार सहकारी संस्थांच्या सभासदांस परत देतें. मात्र आधीं पूर्ण किंमत भरावी लागते व परतावा मागाहून मिळतो. तो लांबला, कीं तेवढे दिवस कोळी सावकाराचें व्याज भरतो. एप्रिल २०२५ मध्यें राज्यानें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचें ठरविलें. उसाचें बिल थकलें म्हणजे घराची काय अवस्था होते, हें सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. किनाऱ्यावरील थकलेला परतावा त्याच जातीचा आहे.

होडी एक दिसते, पण तिच्या आधारें सुतार, जाळें विणणारा, बर्फवाला आणि पाटी डोक्यावर घेऊन फिरणारी कोळीण अशीं अनेक कुटुंबें उभीं असतात. म्हणून नव्या कराची वार्ता वाचतांना घरांतील तरुणांस तीन प्रश्न विचारावयास लावावें: हा कर देतो कोण, सोसतो कोण, आणि त्यांतून उभें काय राहतें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा वेगळीं निघतात. तीं वेगळीं आहेत असें ज्या घरांत कळलें, त्या घरांत अर्थशास्त्राचा पहिला धडा झाला असें समजावें.